नावाचं कडवं

जळकोटच्या फाट्यावर एसटीचं टायर बसलं आणि भुरभुर पावसात सगळे उतारू चहाच्या पत्र्याखाली शिरले. त्यात आराधी बायकांचा एक मेळा होता, उमरग्याहून देवीची गाणी म्हणून तुळजापूरला परतणारा. मेळ्याच्या म्होरक्या धुरपदाबाई, शेजारी त्यांची लेक मंजुषा. नुसतं बसून काय करायचं, म्हणून आईनं गाणं धरलं, लेकीनं झेललं.

गाणं संपलं तेव्हा समोर एक तरुण भिजत उभा होता.

"आत या की," मंजुषा म्हणाली. "गाणं फुकट आहे. औषधाला मात्र पैसे पडतील."

"मधेच आलो असतो तर... तुम्ही थांबला असता."

तो उत्कर्ष. जळकोटचाच, शेतकऱ्याचा पोरगा. घरच्या माडीवर गाणी रेकॉर्ड करून मोबाईलवर टाकायचा. सोलापूरपर्यंतच्या वराती त्याच्या गाण्यांवर नाचत होत्या. मंजुषानं केसातलं पाणी निपटलं, आणि तो बघतोय हे कळूनही दुसऱ्यांदा निपटलं.

मग दर मंगळवारी त्याला देवीदर्शनाची ओढ लागली.

"देवी देवळात असती बाबा," धुरपदाबाई म्हणायच्या. "आमच्या दारात न्हाय."

"वाटेवरच आहे ना दार, मावशी."

"जळकोटहून येताना? लई लांबची वाट धरलीस की."

मंजुषा आत चहाच्या भांड्यावर वाकून हसत राहायची. कप देताना बोटं लागायची... दोघंही कपाकडंच बघायची.

आराध्यांच्या गाण्यात शेवटी नावाचं कडवं असतं. जिनं गाणं जुळवलं, तिचं नाव त्यात. म्हातारी जाते, तिचं गाणं दुसऱ्या गावची बाई म्हणते, आणि नाव चालत राहतं. मागं कॅसेटी आल्या, वर गाणाऱ्याचे मोठाले फोटो आले. पण आतलं ते कडवं कुणी हलवलं नव्हतं. धुरपदाबाईंनी आयुष्यात एकच गाणं जुळवलं, नवरा गेला त्या वर्षी. 'धुरपदा म्हणे आई, पदर घाल,' हा त्याचा शेवट.

उत्कर्षनं तेच मागितलं.

"ने," त्या म्हणाल्या. "गाणं अडवू नये. फकस्त नीट म्हण."

निघताना तो मंजुषाला हळूच म्हणाला, "शेवटी तुझ्यासाठी एक गंमत ठेवणार आहे."

"गंमत की चेष्टा?"

"ऐकल्यावर सांग... आणि लगेच सांगू नको. आधी जरा लाज."

नवरात्राच्या आधी गाणं आलं. एक इअरफोन त्याच्या कानात, एक तिच्या. दणदणीत ढोल, आणि शेवटी... 'मंजुषा म्हणे आई, पदर घाल.' उखाण्यात जिवाच्या माणसाचं नाव गुंफतात, तसं त्यानं ते गुंफलं होतं. तिनं इअरफोन कानातून काढला. पण त्याच्याआधी, क्षणभर, तिला फार गोड वाटलं होतं.

आठवड्याभरात ते गाणं डीजेवर, रिक्षांत, मोबाईलमध्ये, सगळीकडं पोचलं. बाजारात पोरं मागून ओरडायची, 'मंजुषा म्हणे!' धुरपदाबाई म्हणाल्या, "पोरगं हाय, चुकलं असंल," एवढंच.

घटस्थापनेला मेळा देवळाच्या पायऱ्यांवर बसला. धुरपदाबाईंनी आपलं गाणं म्हटलं. बाहेरगावच्या तरण्या बायका टाळ्या वाजवत होत्या, शेवटाला त्यांतली एक हसत म्हणाली, "आजी, नाव चुकलं. तिथं मंजुषा म्हणतेत. आमच्या पोरींना तोंडपाठ आहे."

मंजुषा उठायला गेली. आईनं तिचा दंड धरून खाली बसवलं.

"म्हातारं माणूस बाई, चुकायचंच," धुरपदाबाई म्हणाल्या. आणि ते कडवं त्यांनी पुन्हा म्हटलं, लेकीच्या नावानं.

मंगळवारी उत्कर्ष आला तो नवा शर्ट घालून, मागणी घालायलाच. मंजुषानं त्याला दारातच सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"मी परत गातो. मावशींच्या नावानं. उद्याच टाकतो."

"टाका. लोक म्हणतील, नाव चुकलं."

"मंजू, मायेनं केलं गं मी ते."

"ठाऊक आहे. म्हणून तर धड रागावता येईना."

"मग आपलं...?"

ती उंबऱ्याकडं बघत राहिली. "तुम्ही आज विचारणार, हे मला ठाऊक होतं. हो म्हणायचं, हेही ठरलं होतं. पण तुमच्या घरी नांदताना ते गाणं रोज कुठं ना कुठं वाजणार. आई मला कधी बोलायची न्हाय... आणि मला रोज ऐकू येणार. तुम्ही जावा."

तो गेला. घरासमोरच्या चौकात देवीची मिरवणूक आली होती. पोरांनी त्याला ओळखलं, उचलून ट्रॉलीवर चढवलं, हातात माईक दिला. मंजुषा खिडकीत उभी होती. मागं बाजेवर धुरपदाबाई वाती वळत होत्या.

शेवटच्या कडव्याला त्यानं डोळे मिटले. त्याच्या ओठांवर धुरपदाचं नाव होतं, ते तिला स्पष्ट दिसलं. पण चौकातली हजार तोंडं एकदम उघडली, आणि ऐकू आलं ते मंजुषाच.