बघण्याआधी आलेलं उत्तर

इंजिन सुरू करण्याआधी आम्हाला सतरा प्रश्न असतात. को-पायलट यादी वाचतो, कॅप्टन त्या त्या कळीकडे बघून उत्तर देतो. सगळं मिळून पाऊण मिनिट. बावीस वर्षांत ही यादी माझ्या इतकी अंगवळणी पडली होती की झोपेतून उठवलं असतं तरी मी सतराच्या सतरा उत्तरं दिली असती. नेमकं तेच वाईट.

अकरावा प्रश्न विमानातल्या हवेच्या दाबाचा. ती कळ ‘ऑटो’वर असली की विमान आपला दाब आपण सांभाळतं. गेल्या वर्षी एका सकाळी दुरुस्ती करणाऱ्यांनी ती ‘मॅन्युअल’वर ठेवली होती. को-पायलटने विचारलं, मी म्हणाले, “ऑटो.” कळीकडे बघितलं नाही. त्यानेही बघितलं नाही. माझा शब्द ऐकला आणि बारावा प्रश्न वाचला.

वर गेल्यावर भोंगा वाजला तेव्हा डोकं हलकं व्हायला लागलं होतं. आम्ही मास्क ओढले आणि विमान खाली आणलं. मागे एकशे बारा माणसं होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर सगळी बसल्या जागी बेशुद्ध पडली असती, आणि आम्ही दोघंही.

चौकशीत ध्वनिमुद्रण ऐकवलं. माझा आवाज अगदी खात्रीचा होता. मला त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.

सहा महिने मी जमिनीवर होते. पण मी हट्टी बाई आहे. मी ठरवलं, आधी कळीवर बोट टेकवायचं, मग बघायचं, मगच तोंड उघडायचं. घरीही तीच सवय लागली. दार लावताना मी कडीला बोट लावलं की नवरा मागून विचारायचा, “कडी?”

“बंद.”

“नवरा?”

“मॅन्युअल,” मी म्हणायचे.

परतले तो दिवस लख्ख उन्हाचा होता. कॉकपिटच्या काचा नुकत्याच पुसलेल्या होत्या, त्या औषधाचा वास येत होता. शेजारी आमच्यातला सगळ्यात वक्तशीर को-पायलट. त्याला सगळे ‘घड्याळ’ म्हणतात.

“हवेचा दाब?” घड्याळने विचारलं.

माझं बोट अजून कळीपर्यंत पोचलं नव्हतं.

“ऑटो.”

तो बाराव्या प्रश्नाकडे वळला.

“थांब,” मी म्हणाले. “मी उत्तर दिलं नाही.”

“दिलंत की, मॅडम. स्पष्ट ऐकू आलं.”

“पहिल्यापासून वाच.”

दुसऱ्या खेपेला सातव्या प्रश्नालाही तसंच झालं. हेडफोनमध्ये आवाज माझाच होता. चौकशीत ऐकलेला तोच, खात्रीचा. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण माझी जीभ तर दातांमागे गप्प होती.

“आता यादीकडे नको, माझ्या तोंडाकडे बघ,” मी म्हणाले, आणि ओठ घट्ट मिटले.

त्याने माझ्याकडे बघत बघत अकरावा प्रश्न विचारला.

“ऑटो.”

घड्याळच्या हातातला यादीचा कागद खाली पडला. तो उचलायला त्याने बराच वेळ लावला.

“मॅडम, आता काय करायचं?”

“कळ बघायची. मीही, तूही. आवाजाला उत्तर मानायचं नाही. मी अंगठा वर करेन, तेच उत्तर.”

अकरा मिनिटं उशिरा निघालो. घड्याळचा आयुष्यातला पहिला उशीर.

हे आम्ही कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझं लायसन्स गेलं असतं, हेच खरं कारण. कान तेवढे तपासून घेतले; ठणठणीत निघाले. मग मी आवाजाशी भांडायचं सोडलं आणि कामाला चिकटले. आवाज यायचा, मी बोट टेकवायचे, बघायचे, अंगठा वर करायचे. अशी चाळीस उड्डाणं झाली. एक्केचाळिसाव्याला अकरावा प्रश्न आला आणि हेडफोनमध्ये काहीच आलं नाही.

मी कळ बघितली आणि स्वतःच्या तोंडाने म्हणाले, “ऑटो.”

“सुटलो, मॅडम,” घड्याळ म्हणाला. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

त्यानंतर तीन आठवडे आवाज आला नाही.

काल मी ताईकडे निघाले होते. प्रवासी म्हणून, दुसऱ्याच कंपनीच्या विमानातून. पहिल्या रांगेत जागा मिळाली होती. कॉकपिटचं दार अजून उघडं होतं. आत को-पायलट यादी वाचत होता आणि कॅप्टन उत्तरं देत होता. माझे कान आपोआप तिकडे लागले. नववा. दहावा.

कॅप्टनने पाण्याची बाटली तोंडाला लावली.

“हवेचा दाब?”

“ऑटो.”

माझा हात माझ्या तोंडावर गेला. तोंड मिटलेलं होतं.

को-पायलटने बारावा प्रश्न वाचला. कॅप्टनने बाटली खाली ठेवली आणि त्याचं उत्तर दिलं.

हवाई सुंदरीने दार लावायला हात पुढे केला. मी पट्टा काढला आणि दारात पाय घातला.

“मॅडम, जागेवर बसा!”

“मी पायलट आहे. दार लावू नका.” मग आत बघून मोठ्याने म्हणाले, “कॅप्टन, अकरावा प्रश्न पुन्हा. कळीला बोट लावून बघा.”

तो वैतागला. तरी त्याचा हात वर गेला.

कळ मला दारातूनही दिसत होती. ‘मॅन्युअल’.

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने ती फिरवली.

को-पायलट मागे वळला. त्याचा चेहरा उतरला होता.

“साहेब, मधेच उत्तरं देतो तो हाच आवाज,” तो कॅप्टनला म्हणाला. “मी म्हणत होतो ना. तीन आठवडे झाले.”

आम्ही तिघंही गप्प होतो, आणि समोरच्या स्पीकरमधून माझा आवाज न विचारलेल्या पुढच्या प्रश्नांची उत्तरं देत होता.