आजोबांची करंगळी

करंगळी

(सध्या जागेवर नाही.)

पाऊल

"तुमचं काही हरवलंय का?" तिनं विचारलं, आणि लगेच जीभ चावली.

गवतात रांगणाऱ्या सुतारानं मान वर केली. केसांत भुसा, कानामागे पेन्सिल, आणि डोळे… असू दे, डोळ्यांचं नंतर.

"माझं नाही, यांचं." त्यानं वर बोट दाखवलं. टेकडीला पाठ टेकून दुमजली घराएवढा लाकडी राक्षस बसला होता. जुनी दारं, फळांची खोकी, मोडके पलंग जोडून केलेला. "आमच्या आजोबांची करंगळी गेली."

तिच्या खांद्यावरची पिशवी एकदम जड झाली. करंगळी तिच्यातच होती, ओढणीत गुंडाळलेली. मघाशी ताईला फोटो पाठवायचा म्हणून ही बया त्या करंगळीला लोंबकळली. कट्ट! तेवढ्यात वळणावर पावलं वाजली, आणि घाबरून…

"मी मदत करू शोधायला?"

असं का म्हणाली, ते तिचं तिलाच कळलं नाही.

गुडघा

"सारखं वर काय बघताय?" त्यानं विचारलं. "पडली असेल तर खालीच असणार."

"आजोबा बघतायत का… ते मी बघत होते."

"ते कुणाला सांगत नाहीत. माझी सगळी गुपितं त्यांच्याकडेच असतात."

"पुष्कळ आहेत?"

"आजपासून एक वाढलं."

एरवी ती यावर आठवडाभर तरंगली असती. आज मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दुसरी बसवा ना," ती घाईनं म्हणाली. "लाकूडच तर आहे."

"आमच्या पाळण्याचा कठडा आहे तो. मी, माझी बहीण, तिची पोरगी, सगळे त्यातच वाढलो. आई मोडीत काढत होती. माझ्या पहिल्या दातांच्या खुणा आहेत हो त्यावर!"

तिनं हळूच पिशवीत हात घातला. ओढणीखाली अंगठ्याला खळगे लागले. इवले इवले.

सांग. आत्ता सांग.

"पाणी… हवंय?" ती म्हणाली.

तळहात

राखणदार काका समोरून आले, तसा सुतार फाडकन म्हणाला, "काका, डोळा लागला होता ना तुमचा? लक्ष कुठं होतं?"

काका कानकोंडे झाले. टोपी काढून हातात चुरगाळत राहिले. "चुकलं, बाबा."

तिला ते बघवेना.

"काकांचं नाही… मी…" तिनं पिशवीच उघडली.

सुतारानं करंगळी हातात घेतली. हसला नाही.

"आणि आपण सगळं गवत पालथं घातलं."

"हो."

"त्या झुडपात तर तुम्ही दोनदा डोकावलात."

"…हो."

धरणीनं पोटात घ्यावं, असं तिला झालं. पण तो काकांकडे वळला होता. आता त्याचेही कान लाल होते. "काका, उगाच बोललो. माफ करा."

"लागला होता रे थोडा डोळा," काका पुटपुटले आणि शिट्टी वाजवत सटकले.

करंगळी

त्यानं शिडी लावली. "चल, वर ये. मोडलीस ना? मग धर आता."

'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. रागानं की कशानं, विचारायची तिची छाती नव्हती. आजोबांच्या तळहातावर बसून, मान खाली घालून, तिनं करंगळी दोन्ही हातांनी धरली. ड्रिल घरघरलं. भुसा तिच्या केसांवर उडाला. एक स्क्रू बसला, मग दुसरा.

"मला फार… फार लाज वाटतेय."

"दिसतंय." त्यानं हलकेच फुंकर मारली. केसांवरचा भुसा उडाला. नाइलाजानं तिनं वर पाहिलं… आणि हो, ते डोळे.

"सोडू?"

त्यानं करंगळी हलवून पाहिली. हूं की चूं नाही. एकदम घट्ट.

"इतक्यात नको," तो म्हणाला.