पंधरा, पंधरा, पंधरा

आफरीनच्या यंत्राने टोचलेल्या प्रत्येक बेदाण्यावर दोन बारीक छिद्रं होती. शर्वाणीने डोळ्याला भिंग लावून ती पुन्हा पाहिली. दोन छिद्रांमधलं अंतर सारखं, खोली सारखी, कडाही कुठे फाटलेल्या नाहीत. मग तिने स्वतःच्या यंत्राने टोचलेले बेदाणे शेजारी मांडले. एकात सुया आरपार गेल्या होत्या, दुसऱ्याच्या सालीवर नुसता ओरखडा होता आणि तिसरा तर पार चेंगरला होता.

"शहाणी कुठली," ती पुटपुटली. हे काही ती बेदाण्याला म्हणाली नव्हती.

नांदरवाडीचं जुनं शीतगृह बंद पडलं, त्याला बरीच वर्षं झाली होती. पण त्याच्या भिंती हातभर जाड असल्यामुळे बाहेर चैत्राचं ऊन तापलं तरी आत गारवा टिकून राही. आता तिथे जोडशाळा भरायची. गावातल्या कुणीही यावं, हवं ते यंत्र बनवायला शिकावं आणि ते विकायलाही शिकावं. वस्तू कुणाला हवी आहे, तिला किती खर्च आला, किंमत काय ठेवायची, गिऱ्हाईक काय विचारेल, हे सगळं इंदुताई शिकवत. इंदुताईंनी पंचवीस वर्षं बेदाण्याची शेड चालवली होती. त्यांच्यापुढे थाप मारणं सोपं नव्हतं.

जोडशाळेचा एक नियम होता. ज्याने वस्तू बनवली, त्याने ती तपासायची नाही. ती आठवडाभर दुसऱ्याच्या हाती सोपवायची. रविवारी त्या तपासनिसाने सगळ्यांसमोर उभं राहून पुकारा करायचा, 'पास' किंवा 'परत'. पास झालेली वस्तूच बाजाराच्या दिवशी मांडता येई.

या वर्षी दोघीजणी एकच वस्तू बनवत होत्या: बेदाण्यातला ओलावा मोजणारं यंत्र. द्राक्षं जाळ्यांवर वाळवली की बेदाणा होतो, पण तो पुरेसा वाळला का, हे बायका बोटांनी दाबून ठरवत. अंदाज चुकला आणि ओला बेदाणा पेटीत गेला, की त्याला बुरशी येई. मग पूर्ण पेटी उकिरड्यावर.

मागच्या रविवारी आफरीनने शर्वाणीचं यंत्र परत केलं होतं. "परत. एकाच ताटलीतल्या बेदाण्यांना दर वेळी वेगळा आकडा दाखवतंय. उड्या मारतंय नुसतं."

मागून कुणीतरी ओरडलं, "यंत्र हाय का बेडूक?" आणि सगळं शीतगृह हसलं. शर्वाणीची आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. शर्वाणीला ते हसणं सगळ्यात जास्त लागलं.

त्यावर कडी म्हणजे आफरीनने तिथेच जाहीर केलं, "माझं यंत्र शर्वाणी तपासेल. ती लय बारीक बघते."

चिडवतेय, शर्वाणीला वाटलं. ठीक आहे. बारीकच बघते.

घरी तर आणखी वाईट होतं. "आफरीनच्या यंत्राचं बटण बघितलंस का शर्वे, केवढं मोठं केलंय," आई भाकरी थापता थापता म्हणाली होती. "पोरीनं सगळ्या शेडवाल्यांना जाऊन विचारलं म्हणे, काम करताना हात कसे असतात तुमचे. चिकट असतात की आमचे! बारकं बटण दाबतच नाही. पास झालं की आपल्या पेट्या तिच्याच यंत्रावर भरू या."

शर्वाणीने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. आपल्या आईचे हात चिकट असतात, हे आपल्याला का सुचलं नाही? रोज त्याच हातांनी तर ती आपली वेणी घालते.

सोमवारी शाळा सुटल्यावर शर्वाणीने आफरीनचं यंत्र आणि बेदाण्याची ताटली घेऊन मापाडीकाकांच्या समोर बैठक मारली.

मापाडी हा यंत्रमानव होता. पूर्वी तो बाजार समितीत बेदाण्याची पोती तोलायचा. आता सौद्याच्या आवारातली फरशीच वजन करते, म्हणून त्याला निवृत्त करून जोडशाळेत आणून ठेवलं होतं. त्याचा एक हात म्हणजे तराजूचं पारडं होतं, छातीवर पिवळा दिवा होता आणि 'अंदाजे' हा शब्द त्याला अजिबात खपत नसे.

शर्वाणीने ताटलीतले पाच बेदाणे आफरीनच्या यंत्राने टोचले. पंधरा, पंधरा, पंधरा, पंधरा, पंधरा. शंभर भागांत पंधरा भाग पाणी. म्हणजे बेदाणा पेटीत भरायला तयार.

मग तिने स्वतःचं यंत्र लावलं. चौदा, एकवीस, सोळा, बावीस, सतरा.

"बेडूक," ती स्वतःशीच म्हणाली. पण बेदाणा दाबून पाहिला, तर तो बोटाला चिकटला. पंधरावाला बेदाणा असा चिकटतो?

"मापाडीकाका, दर वेळी तोच आकडा येतोय, म्हणजे तो खराच असणार ना?"

"तो माझा प्रश्न नाही, माझं काम तोलण्याचं," मापाडी म्हणाला. "वाळवून बघायचं आहे का?"

त्याने शंभर ग्रॅम बेदाणे पोटातल्या छोट्या भट्टीत घेतले. बेदाण्यातलं पाणी वाफ होऊन निघून गेलं की वजन घटतं. जितकं घटलं, तितकं पाणी. काम सावकाशीचं होतं. मंगळवारी शर्वाणी परत आली, तेव्हा पारड्यात ब्याऐंशी ग्रॅम उरले होते.

"शंभरातून ब्याऐंशी गेले, अठरा," शर्वाणी म्हणाली. मग तिचे डोळे मोठे झाले. "अठरा! आफरीनचं यंत्र चुकतंय!"

"आता तुझे पाच आकडे मिळव आणि पाचांनी भाग."

नव्वद भागिले पाच. अठरा.

शर्वाणीला एकदम हसूच फुटलं. "म्हणजे माझा बेडूक बरोबर होता!"

"अर्धा बरोबर," मापाडी म्हणाला. त्याने खडूने फरशीवर लहानसं वर्तुळ काढलं. "ही गल समज. गोट्या खेळतेस ना? तू पाच गोट्या टाकल्यास. एक पुढे गेली, एक मागे, एक डावीकडे. सगळ्या गलीच्या भोवती, पण एकही आत नाही. आफरीनने पाच टाकल्या. पाचही एकमेकींना चिकटून पडल्या, पण गलीपासून वीतभर लांब. तुझ्या यंत्रात अचूकता (खऱ्या उत्तराच्या जवळ असणं) आहे. तिच्या यंत्रात एकसारखेपणा (दर वेळी तेच उत्तर देणं) आहे. लोकांना वाटतं, हे दोन्ही एकच. तसं नसतं."

"मग चांगलं कुठलं?"

"तुझी चूक विखुरलेली आहे. कधी जास्त, कधी कमी. पुष्कळ वेळा मोजून सरासरी काढली, की ती एकमेकींना खोडून काढते. तिची चूक सरकलेली आहे. हजार वेळा मोज, सरासरी पंधराच येणार. अशी चूक दिसत नाही, कारण आकडा डगमगत नाही. आणि जो डगमगत नाही, त्याच्यावर माणसं पटकन विश्वास ठेवतात." दिवा मिणमिणला. "पण सरकण्याचं कारण एकदा सापडलं, की ती एका फटक्यात दुरुस्त होते. विखुरलेलीचं तसं नाही."

हे शेवटचं वाक्य शर्वाणीला फारसं आवडलं नाही.

ती आफरीनचं यंत्र घेऊन दाराशी गेली. चूक का सरकली असेल? ओल्या बेदाण्यातून वीज जास्त जाते, कोरड्यातून कमी. दोघींची यंत्रं विद्युतवाहकताच (वस्तूतून वीज किती सहज जाते, ते) मोजत होती. पण शर्वाणीच्या यंत्रात एक छोटी तापमापीही होती. गरम बेदाण्यातून वीज अधिक सहज जाते, हे तिला माहीत होतं, म्हणून तेवढी वजावट तिने यंत्राला शिकवली होती.

तिने ताटलीतले चार बेदाणे बाहेरच्या तापलेल्या पायरीवर ठेवले. थोड्या वेळाने ते आफरीनच्या यंत्राने टोचले. अठरा, अठरा, अठरा, अठरा.

सापडलं! आफरीन यंत्राचे आकडे भरदुपारी आपल्या घराच्या गच्चीवर जुळवत बसायची, हे शर्वाणीने पाहिलं होतं. त्या उन्हात ते अगदी बरोबर होतं. पण गार जागी बेदाण्यातून वीज कमी जाई, आणि यंत्राला वाटे, पाणीच कमी आहे. नांदरवाडीत तर पेट्या भरतात भल्या सकाळच्या गारव्यात. उन्हात बेदाणा हाताला फार चिकटतो म्हणून. म्हणजे यंत्र नेमकं कामाच्या वेळी खोटं बोलणार होतं.

शर्वाणीला इतका आनंद झाला, की तो कुठे ठेवावा हेच तिला कळेना. मग एक विचार आला, आणि तो इतक्या सहज आला की तिला स्वतःचीच थोडी भीती वाटली. 'पास' म्हणायचं. बस. बाजारात सगळ्या बायका यंत्र घेतील. महिन्याभरात पेट्या उघडतील. मग कळेल, कोण बेडूक ते.

"मापाडीकाका, तुम्ही कुणाला सांगणार?"

"माप मी करतो. पुकारा ज्याने माप मागितलं त्याने करायचा. मापाड्याची रीतच आहे ती."

बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी आफरीन शाळेच्या नळावर भेटली. "काही सापडलं का गं?" तिने विचारलं. तिच्या आवाजात काळजी होती. शर्वाणीने मान उडवली. "रविवारी कळेल." दोन्ही शब्द तिच्या जिभेवर होते आणि दोन्ही कडू लागत होते. 'पास' म्हटलं, तर आईच्याच पेट्या सडणार. 'परत' म्हटलं, तर सगळे म्हणणार, जळली, सूड उगवला. आणि वाईट हे, की ते खरंच होतं. ती जळतच होती.

शनिवारी तिने आफरीनचं यंत्र उघडून आत पाहिलं. सुयांच्या मागे पेनातली साधी स्प्रिंग बसवली होती. यंत्र कितीही जोरात दाबा, स्प्रिंग सुयांना ठरलेल्या खोलीवरच नेई. म्हणून ती छिद्रं एकसारखी. आपल्या बेडकाला नेमकं हेच हवं होतं. एवढुशी गोष्ट! शर्वाणी पट्टी शोधायला उठली.

रविवारी शीतगृह भरलं. शेडवाल्या बायका पुढे बसल्या होत्या, त्यांत आई होती. आफरीन ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

"शर्वाणी, पुकारा कर," इंदुताई म्हणाल्या.

"आता बेडूक चावणार बघा!" मागून आवाज आला. हशा पिकला. या वेळी आई हसली नाही.

शर्वाणी दाराकडे निघाली. "इंदुताई, आधी सगळ्यांनी दाराशी या. आफरीन, तू मोज. मी हात लावणार नाही."

आफरीनने आतल्या ताटलीतला बेदाणा टोचला. पंधरा. मग शर्वाणीने थोड्या वेळापूर्वी पायरीवर ठेवलेले, त्याच ताटलीतले बेदाणे आफरीननेच टोचले. अठरा. ती परत आत गेली, परत बाहेर आली. चेहरा पडत गेला आणि अचानक उजळला.

"गच्चीवर! मी उन्हात जुळवलं होतं!" तिने कपाळावर हात मारला. "या अल्ला, सकाळी तर हे सगळ्यांना फसवेल!"

"मापाडीकाकांनी वाळवूनही बघितलंय," शर्वाणी म्हणाली. "खरं उत्तर अठराच."

"अगं बया," आई म्हणाली. "मी तर उद्या पहाटेच पेट्या भरायला घेणार होते."

आफरीन शर्वाणीकडे वळली. "तुला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आणि शुक्रवारी नळावर मी विचारलं, तेव्हा..."

"तेव्हाही माहीत होतं." शर्वाणीचे कान तापले. "मला सांगायचंच नव्हतं."

आफरीनने ओढणीचं टोक सोडलं. "मग आज का सांगितलंस?"

शर्वाणी ताटलीपाशी गेली. तिने आफरीनने टोचलेला एक बेदाणा उचलून तळहातावर धरला. दोन छिद्रं, एकसारखी. "असं मला करता येत नाही," ती म्हणाली. "आठवडाभर बघतेय."

"मग पुकारा काय, पोरी?" इंदुताईंनी विचारलं. मापाडीच्या छातीवरचा दिवा स्थिर झाला.

शर्वाणीने बेदाणा ताटलीत ठेवला.

"परत," ती म्हणाली. आवाज बारीक निघाला, म्हणून तिने पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "परत! तिचंही आणि माझंही. आफरीन, तुझी स्प्रिंग आणि माझी तापमापी एकाच डबीत बसते, मी काल मोजून बघितलंय. बटण तुझंच, मोठं. आपण दोघी मिळून एकच यंत्र करू, आणि पुढच्या रविवारी ते तिसऱ्या कुणाकडे तरी तपासायला देऊ."