वर तारा, खाली जहाज!

"खबरदार हात लावलात तर! फेकूनच द्यायचंय मला ते!"

दादाने क्लॅरिनेटची पेटी लाथेने पलंगाखाली ढकलली आणि भिंगरी नि तिचा धाकटा भाऊ लिंबू दारातच थिजले. सुट्टीला मामाकडे येऊन जेमतेम दहा मिनिटं झाली होती. मागच्या सुट्टीत जेवतानाही जे वाद्य मांडीवरून खाली ठेवत नव्हता, त्याला हा मामेभाऊ चक्क लाथ मारतोय?

"बँडमधून काढायला निघालेत त्याला," मामा हळूच म्हणाला. "मास्तर म्हणतात, बेसूर वाजवतो, कान कच्चा आहे. शनिवारी शेवटची परीक्षा. नापास झाला की नाव कटलं. आणि हा पठ्ठ्या परीक्षेलाच जाणार नाही म्हणतो."

"दादा? आणि बेसूर?" लिंबूचे डोळे वाटोळे झाले.

"कधीपासून?" भिंगरीने विचारलं. नावाप्रमाणेच तिला एका जागी उभं राहवत नसे. ती तोवर पलंगाखाली शिरलीही होती.

"महिना झाला. काय बोलणार? जुन्या बाजारातून मीच ते आणलं. महिन्यापूर्वी दुरुस्तीवाल्याकडून साफही मीच करून आणलं."

"महिन्यापूर्वी साफ, महिन्यापासून बेसूर!" पलंगाखालून आवाज आला. "मामा, तुला काहीच वाटलं नाही?"

मामाला खरंच काही वाटलं नव्हतं. मोठ्या माणसांचं हे असंच असतं.

पेटी उघडली. क्लॅरिनेट बुटासारखं चकाकत होतं. भिंगरीने नखाने खरवडलं, तर नखात काळं पॉलिश! मग मऊ फडकं आलं, कापसाचे बोळे आले. लिंबू वरचा तुकडा पुसत बसला, भिंगरी खालचा. पॉलिश निघालं तसं लाकडात कोरलेलं काहीतरी दिसू लागलं.

"तारा! कारागिराचा शिक्का आहे!" लिंबू ओरडला.

"तारा कुठला? जहाज आहे."

"तारा!"

"अरे, डोळे आहेत का... " भिंगरीने त्याच्या हातातला तुकडा पाहिला आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. "दादा! हे एक क्लॅरिनेट नाहीच! वरचा अर्धा भाग एकाचा, खालचा दुसऱ्याचा!"

दादा ताडकन उठला. त्याने दोन्ही शिक्के पाहिले आणि तो पांढराफटक पडला.

"भोकं..." तो पुटपुटला. "प्रत्येक कारागीर भोकं आपापल्या मापाने पाडतो. मग सूर जुळणार कसे?"

तिघं पेटी घेऊन पळतच दुरुस्तीवाल्या काकांकडे गेली. दुकान कसं आरशासारखं लख्ख! एका तबकात सगळ्या वाद्यांचे वरचे तुकडे, दुसऱ्यात खालचे, तिसऱ्यात बोटांनी दाबायच्या नुसत्या कळा.

"काका, तुम्ही सगळी वाद्यं सुटी करून एकत्र ठेवता?" भिंगरीला धक्काच बसला.

"नीटनेटकेपणा म्हणतात याला!" काका ऐटीत म्हणाले.

"मग कुठला तुकडा कुणाचा, ते कळतं कसं?"

"त्यात काय कळायचंय? सगळी काळीच की! नाही बसलं तर सांध्याचं बूच घासायचं, झक्क बसतं. त्या दिवशी हे आणि बँडमास्तरांचं, दोन क्लॅरिनेटं एकदमच चकाचक केली!"



"मास्तरांचं?" दादा कसाबसा म्हणाला. "पण ते तर महिनाभर नुसती छडी हलवताहेत. त्यांनी पेटी उघडलेलीच नाही!"

आता मास्तरांना सांगायचं कुणी? दादाला तर ते दारातही उभं करत नसत. भिंगरी मात्र सरळ बँडच्या खोलीत शिरली. "सर, आम्ही पाहुणे. सगळे म्हणतात, तुमच्यासारखं क्लॅरिनेट या शहरात कुणी वाजवत नाही. एकदाच ऐकवा ना!"

मास्तर हरभऱ्याच्या झाडावर चढले. पेटी उघडली, टोकाची पत्ती ओठांना लागली, गाल फुगले आणि असा काही सूर निघाला, की ढोलवाल्याच्या हातून काठ्या पडल्या! मास्तरांनी पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच! त्यांचे कान लालबुंद झाले.

"मी... मी बेसूर?"

"तुम्ही नाही सर. दादाही नाही," म्हणत भिंगरीने फडकं काढलं आणि पॉलिश पुसलं. वर जहाज, खाली तारा!

मास्तर मटकन खुर्चीत बसले.

पुढचे दोन दिवस काकांच्या दुकानात तिघांचा पहारा होता. तारा ताऱ्याला मिळाला, जहाज जहाजाला. घासलेल्या बुचांच्या जागी नवी बुचं बसली. कळांखालच्या विरलेल्या गाद्या बदलल्या, सुकलेल्या लाकडाला तेलाचा हात दिला. "ते तबक नको काका!" लिंबू दर पाच मिनिटांनी ओरडायचा आणि काका निमूटपणे हात मागे घ्यायचे.

शनिवारी दादाने वाजवलं. शेवटचा सूर थांबला आणि सगळी खोली टाळ्यांनी दणाणली. हे आपण बाजारातून आणलेलं जुनं लाकूड वाजतंय यावर मामाचा विश्वासच बसेना. त्याने दोन्ही भाचरांना घट्ट जवळ घेतलं. "पोरांनो, माझी अक्कल गहाण पडली होती. तुमची शाबूत होती म्हणून बरं!"

मास्तर मात्र टाळ्या वाजवत नव्हते. ते उठून सगळ्या बँडसमोर दादापाशी आले.

"वाद्य बिघडलंय असं तू मला तीनदा म्हणालास. तिन्ही वेळा मी तुला गप्प बसवलं. तुझा कान पक्का होता रे. मीच ऐकलं नाही."

इतके दिवस दादा एकदाही रडला नव्हता. आता मात्र त्याला रडू आवरेना.