अकरा मिनिटांची केतकी

कालमेळ आल्यापासून उपकेंद्रातल्या भिंतीवरच्या घड्याळाला कुणी विचारत नव्हतं. प्रसूतीच्या खाटेपासून गावच्या पाणीपंपापर्यंत प्रत्येक यंत्र आपली वेळ उपग्रहाच्या वेळेशी आपणहून जुळवून घेई. आधी काय घडलं आणि नंतर काय, हे त्या वेळेवरूनच ठरे. कोर्टातसुद्धा दुसरा पुरावा चालत नसे.

आणि या कालमेळानं केतकीचा जन्मच खोडून टाकला होता! नर्स शेवंता घाग सकाळपासून नुसती धुमसत होती. तिच्या हातांत रडलेली पोर, आईनं छातीशी धरून नाव ठेवलेली, अकरा मिनिटं जगलेली. आणि दाखल्यावर काय, तर ‘मृत जन्म. नाव लागू नाही.’ तो दाखला घेऊन पोरीची आई सुगंधा बाहेर बाकावर बसली होती.

प्रसूतीच्या खाटेला जोडलेलं, जन्म-मृत्यू नोंदवणारं यंत्र बनवणारे डॉ. सलील फणसे चौकशीला आले होते.

“बाई, चूक तशी कुणाचीच नाही,” ते म्हणाले. “इथे घाटात चार महिने उपग्रहाचा संपर्क नव्हता. यंत्र तापलं की त्याचं घड्याळ पुढे पळतं. ते बावीस मिनिटं पुढे गेलं होतं. त्यानं जन्म नोंदवला दहा बेचाळीसला. तेवढ्यात संपर्क आला, वेळ दुरुस्त झाली, घड्याळ मागे आलं. मृत्यू नोंदला गेला दहा एकतीसला.”

“म्हणजे पोर आधी मेली आणि मग जन्मली?”

“असं होऊ शकत नाही ना? म्हणून यंत्रानं ती मृतच जन्मली असं धरलं.”

“अहो, मी भिंतीवर बघितलंय! दहा वीस ते दहा एकतीस!”

“ते घड्याळ कालमेळातलं नाही.”

शेवंताच्या डोक्यात तिडीक गेली. शेकडो बाळंतपणं केलेल्या बाईचा शब्द खोटा, आणि उन्हानं बहकणारा डबा खरा!

“मग दाखला बदलून द्या.”

“झालेली नोंद बदलत नाही. पण तुमच्या तक्रारीची दखल घेतलीय आम्ही.” फणशांचा चेहरा खुलला. “नवी सुधारणा आजच बसवतोय. मूल पंधरा मिनिटं जगल्याशिवाय यंत्र यापुढे जन्म नोंदवणारच नाही. म्हणजे क्रम चुकायला नको.”

सुगंधा केव्हाची दारात येऊन उभी होती.

“आणि त्याआधी ते रडलं तर?” तिनं विचारलं.

फणसे यंत्रात नवी सुधारणा बसवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तर ते नोंदीत येणार नाही,” ते म्हणाले.