एकोणऐंशी सत्तावन्न

कुंभकोणमच्या वीज उपकेंद्रातल्या खोलीत एक संगणक, त्याला टेलिफोनची तार जोडणारा एक मोडेम आणि कॉफीचे चार पेले होते. संकेताचे चार अंक ठाऊक असलेली माणसं दोन: वैद्यनाथ आणि बालकृष्ण.

काल दुपारी कुणीतरी त्याच तारेवरून संगणकात शिरलं, संकेत दिला आणि इन्नंबूर गावाची वीज तोडली. बालकृष्ण तेव्हा खोलीत साहेबांसमोर बसलेला होता. उरला वैद्यनाथ. संध्याकाळपर्यंत खरा माणूस सापडला नाही, तर त्याची नोकरी जाणार होती.

"अक्का, मी कुणाला अंक दिले नाहीत," तो विशालाक्षीला म्हणाला. ती खाजगी तपास करायची. चुलतभाऊ शामसुंदर तिच्याबरोबर हिंडायचा. "अंक रोज बदलतात. पाळी बदलताना आम्ही एकमेकांना सांगतो. तेही आपल्या घरच्या मराठीत. इथं कुणाला कळतंय?"

"मोठ्यानं सांगता?"

"यंत्रांची घरघर असते ना."

काल पाळी बदलली तेव्हा खोलीत आणखी दोघं होती. कॉफी आणणाऱ्या अलमेलूला विशालाक्षीनं तमिळमध्ये विचारलं.

"ऐकलं की. एकोणऐंशी सत्तावन्न. कुठल्या देवाचं नाव ते?"

"आकड्यांत लिहून दाखव."

"ते आकडे आहेत?" अलमेलू पेन्सिल धरून बघत राहिली.

मोडेम बसवणारा चंद्रमौली कॉफी पीत म्हणाला, "मला तमिळ आणि इंग्रजी, दोनच येतात. यांचं बोलणं म्हणजे चिमण्यांची किलबिल. वीज गेली तेव्हा मी बाजारात जेवत होतो."

"याच्या मिशीला फेस लागलाय," शामसुंदर मराठीत पुटपुटला.

चंद्रमौलीनं रुमालानं मिशी पुसली. "आणि नुकसान तरी काय झालं? कापणी झालीय, पंप बंदच आहेत."

विशालाक्षीनं सगळ्यांना बसवलं.

"तमिळमध्ये सत्तर आणि नऊ म्हणतात, अंक कानाला कळतात. मराठीत एकोणऐंशी म्हटलं की त्यात सातही ऐकू येत नाही, नऊही नाही. अलमेलूला नाद पाठ आहे, अंक नाहीत. मराठी येणाऱ्यालाच ते कळले. चंद्रमौली, फेसाबद्दल शाम मराठीत बोलला होता."

"मला वाटलं, माणूस टापटिपीचा आहे," शामसुंदर म्हणाला.

चंद्रमौलीनं पेला खाली ठेवला. मग मराठीतच बोलला. "नागपुरात नोकरीला होतो. अंक ओरडू नका, हे साहेबांना कितीदा सांगितलं. ते हसले. म्हणून दाखवून दिलं. कुणाचं पीक सुकू नये म्हणून इन्नंबूर निवडलं. वैद्यनाथवर आळ येईल, हे सुचलंच नाही."

"हेच साहेबांना सांगाल?"

"सांगतो. आत्ताच."

वैद्यनाथची नोकरी राहिली. आठवड्यानं विशालाक्षीनं अलमेलूला विचारलं, "आज कुठल्या देवाचं नाव?"

"आज काहीच बोलले नाहीत. कानाशी कुजबुजले."

संकेत ठाऊक असलेली माणसं: दोन.