'येतो' म्हणाला, म्हणजे गेला!

"मेला!"

"नाही मेला!"

"मेला म्हणजे मेलाच! यान सूर्यात पडलं. सूर्यात, अपूर्वा! गॅसच्या शेगडीवर नाही!"

नितेशने 'सूर्यात' म्हणताना बॅट अशी आपटली, की ए विंगच्या पायरीवर झोपलेलं मांजर उठलं आणि या घराण्यात आता राम राहिला नाही अशा चेहऱ्याने निघून गेलं.

मुलुंडपासून समुद्र चांगला लांब आहे. तरी या सोसायटीचं नाव 'सागरदर्शन'. कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांनी ती बांधली, तेव्हा बहुतेक डोळे मिटून नाव ठेवलं असावं. आता तिची रीडेव्हलपमेंट निघाली होती. बी विंग रिकामी झाली होती, वीज तोडली होती, भोवती निळे पत्रे लागले होते आणि दारात भिंती पाडायचं पोकलेन येऊन उभं होतं. जेवणं झाली की नारळ वाढवायचा आणि पाडायला सुरुवात करायची, असं ठरलं होतं.

पण मे महिन्याच्या त्या सकाळी अपूर्वा आणि नितेशला पोकलेनचं काही पडलं नव्हतं. दोघं आठवीत जाणारे, शेजारी राहणारे आणि एकमेकांचं एकही मत न पटणारे. सध्या त्यांच्यात 'सातवी कक्षा'वरून युद्ध पेटलं होतं. ही परदेशी विज्ञानमालिका मराठीत डब होऊन यायची आणि तिच्यातला खलनायक क्षार म्हणजे दोघांचा जीव की प्राण! विहिरीच्या तळातून यावा तसा त्याचा आवाज. तो नुसता "हं" म्हणाला तरी अंगावर काटा यायचा. मागच्या आठवड्यात सीझन संपला आणि क्षारचं यान सूर्यात कोसळलं.

"बरं झालं मेला! पाणीचोर कुठला!" नितेश म्हणाला. "अख्ख्या ग्रहाचे समुद्र पळवले त्याने."

"कारण त्याचा ग्रह कोरडा पडला होता! तिथली पोरं तहानलेली होती."

"म्हणून दुसऱ्याच्या टाकीत पाइप टाकायचा?"

"पाण्याच्या वेळेला मोटर कोण लावतं रे चोरून? तुमच्याच घरी लावतात! तेव्हा तू जाऊन सूर्यात पडतोस का?"

नितेशचे कान लाल झाले. तेजल खिदळली. ती सहावीत जाणारी, या दोघांपेक्षा लहान, आणि पळायला लागली की आख्ख्या सोसायटीत कुणाच्या हाती लागत नसे.

"पण शेवटी तो मुलीला म्हणाला ना, 'येतो' म्हणून?" तिने विचारलं.

"तेच तर!" अपूर्वाने टाळी वाजवली. "येतो म्हणजे परत येणार. क्षार जिवंत आहे!"

"हॅ! तुझे बाबा कामाला निघताना काय म्हणतात? 'येतो' म्हणतात आणि जातात! घरातून निघताना 'जातो' कोण म्हणतं? 'येतो' म्हणाला, म्हणजे गेला!"

"पण बाबा संध्याकाळी परत येतात ना?"

"बाबा सूर्यात जात नाहीत! कांजूरमार्गला जातात!"

आता निकाल लावायला एकच माणूस हवा होता. धोंडिरामआजोबा! बी विंगचे सगळ्यात जुने रहिवासी. तरुणपणी गिरणीत होते आणि रजा टाकून गावी दशावतारात राक्षसाची कामं करायचे. महिन्याभरापूर्वी ते सामान घेऊन ए विंगमध्ये भाड्याच्या खोलीत आले होते. पोरांची कुठलीही भांडणं त्यांच्यापुढे जायची आणि ते दोन्ही बाजूंना एकेक शेंगदाण्याचा लाडू देऊन खटला निकालात काढायचे.

पण आजोबांच्या दाराला कुलूप होतं.

"असं कसं?" अपूर्वा म्हणाली. "आज नारळ त्यांच्याच हातून वाढवायचाय. कालच म्हणाले होते मला, नवा सदरा घालणार म्हणून."

खाली सेक्रेटरी चंद्रप्रकाशकाका हार, उदबत्त्या आणि पाहुण्यांच्या खुर्च्या यांच्यात पार अडकून गेले होते.

"धोंडिरामकाका? गेले असतील मालवणला," ते म्हणाले. "अगं, त्या घरात त्यांचं आयुष्य गेलं. डोळ्यांदेखत पाडलेलं बघवेल का? नारळ मीच वाढवतो. तुम्ही पळा बघू!"

अपूर्वाने आईचा फोन आणून आजोबांना लावला. रिंग वाजली. वाजली ती बंद दाराच्या आत!

"फोन न घेता कोणी मालवणला जातं?" तिने काकांना पुन्हा गाठलं.

"म्हातारं माणूस. विसरले असतील. झालं समाधान?"

समाधान कुठलं व्हायला! जेवणं उरकून पोरं पुन्हा खाली आली, तरी अपूर्वाच्या डोक्यातून तो फोन जाईना. त्याच तंद्रीत तिने नितेशच्या चेंडूवर असा काही फटका मारला, की चेंडू पत्र्यांवरून उडून बी विंगच्या मागच्या बोळात गेला.

"वाट लागली! आता आण तूच!"

तिघंही कुंपणाच्या भिंतीला घासत बोळात शिरले. चेंडू शेवाळात पडला होता. नितेश वाकला आणि तसाच थिजला.

वरून, कुठूनतरी भिंतीच्या पोटातून आवाज आला. खोल, घुमणारा, विहिरीच्या तळातून यावा तसा!

"कोणी आहे काऽऽऽ? दार उघडा!"

"क्षार!" तिघांच्या तोंडून एकदम निघालं.

"टीव्ही... टीव्ही लावलाय कोणीतरी," नितेश पुटपुटला.

"बी विंगमध्ये वीज कुठेय, बावळटा?"

आवाज पुन्हा आला. या वेळी जरा वैतागलेला. "कोण आसा काय रे थंय? बहिरे झालात काय मेल्यांनो?"

नितेशचा आ वासला. "क्षार... मालवणी आहे?"

अपूर्वाला हसू यायच्या आधी घाम फुटला. तिसऱ्या मजल्यावर कोठीच्या खोलीची वीतभर खिडकी होती. त्या घरात राहणारा, मालवणी बोलणारा माणूस एकच!

"आजोबा!" ती ओरडली. पण पलीकडे पोकलेन सुरू झालं होतं. त्या घरघरीत तिची हाक तिलाच ऐकू आली नाही.

तिघं धावत पुढे आले. कंत्राटदाराचे सुपरवायझर राजेशदादा एका कानाला फोन लावून दुसऱ्या हाताने पोकलेनला "मागे, मागे" करत होते.

"दादा, थांबवा! आत माणूस आहे!" अपूर्वा धापा टाकत म्हणाली.

"कोण माणूस?"

"क्षार!" घाईघाईत तेजलच्या तोंडून निघून गेलं. झालं! खुर्च्यांवरच्या सगळ्या पाहुण्यांत हशा पिकला.

"सकाळपासून ऐकतोय," चंद्रप्रकाशकाका म्हणाले. "क्षार जिवंत आहे, क्षार जिवंत आहे! आता आपल्या बी विंगमध्ये राहायला आला का?"

"काका, धोंडिरामआजोबा आहेत आत! आवाज त्यांचाच आहे, पण क्षारसारखा आहे! म्हणजे क्षारचाच आहे, पण..."

हे बोलताना आपण किती वेड्यासारखं बोलतोय ते अपूर्वाचं तिलाच कळत होतं.

"आत कोणी नाही," राजेशदादा म्हणाले. "मी स्वतः सगळीकडे फिरून, दारं लावून कुलूप घातलंय. आणि ते आजोबा ना? भेटले की मला सकाळी, या दारातच. मी फोनवर होतो. मागून म्हणाले, 'येतो हां'. आणि गेले."

"कुठे गेले?"

"आता ते मला काय माहीत? 'येतो' म्हणाले, म्हणजे गेले ना!"

अपूर्वाने नितेशकडे पाहिलं. नितेशने अपूर्वाकडे. सकाळपासून ज्या शब्दावर दोघं भांडत होते, तोच शब्द!

"ते बाहेर नव्हते चालले," अपूर्वा हळूच म्हणाली. "ते आत चालले होते. 'येतोच मी, थांब जरा,' असं सांगून! आणि यांनी मागे वळून बघितलंसुद्धा नाही!"

"पण आता हे वर जायचे नाहीत आणि आपल्यालाही सोडायचे नाहीत," नितेश म्हणाला. त्याच्या आवाजात भांडण उरलं नव्हतं. "काय करायचं यार?"

पोकलेनचा लांब हात हळूहळू वर उठत होता.

"चला, नारळ फोडून घ्या!" राजेशदादा ओरडले.

"फोडून नाही हो, वाढवून! शुभ बोला!" चंद्रप्रकाशकाकांनी त्यांना दटावलं. "आणि नारळ वाढल्याशिवाय मशीन भिंतीला लावायचं नाही. सांगून ठेवतोय!"

अपूर्वाचे डोळे चमकले. तिने तेजलच्या कानात काहीतरी सांगितलं. तेजलने चपला काढल्या.

काकांनी ताटातल्या नारळाला हळद-कुंकू लावलं, डोळे मिटून हात जोडले, डोळे उघडले... आणि ताटात नुसते तांदूळ!

"नारळ! अरे, नारळ नेला! धरा तिला!"

तेजल सुटली! खुर्च्यांमधून, मांडवाच्या दोरीखालून, पाहुण्यांना हुलकावणी देत! मागून चंद्रप्रकाशकाका, त्यांच्यामागून राजेशदादा, त्यांच्यामागून "अगं ए, सुट्टीत काय हा उच्छाद!" म्हणत अपूर्वाची आई. तेवढ्यात नितेश पोकलेनच्या पुढ्यात उभा राहिला आणि वर केबिनकडे बघत त्याने दोन्ही हात जोडले. "काका, नारळ येईपर्यंत मशीन बंद ठेवा ना! प्लीज!" पोकलेनवाल्याने वरून ती धावपळ पाहिली, हसला आणि खरंच किल्ली फिरवली. आवारात एकदम शांतता पसरली.

तेजल पत्र्यांच्या फटीतून बोळात घुसली. मोठी माणसं आडवी होऊन, पोटं आत ओढून तिच्यामागे आली. पुढे भिंत होती. तेजल थांबली, वळली आणि नारळ पोटाशी धरून म्हणाली, "आता मारा मला. पण आधी ऐका!"

"काय ऐकायचं तुझं? अगं..."

"चंद्रप्रकाऽऽऽश!"

तो आवाज वरून कोसळला. राजेशदादांच्या हातून फोन पडला.

"बाळा चंद्रप्रकाश, तुझाच आवाज ना तो? तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी, आणि तू माका कोंडून माझ्या डोक्यावर बिल्डिंग पाडतोस?"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "धोंडिराम... धोंडिरामकाका! अहो राजेश, किल्ली! किल्ली आणा!"

मग कोणी कोणाला काही सांगावं लागलं नाही. कुलूप निघालं, मोठी माणसं जिन्यावरून धावली आणि मुलं खाली हाताची बोटं चावत उभी राहिली. तो जिना कधी नव्हे इतका लांब वाटला अपूर्वाला. शेवटी राजेशदादांच्या खांद्यावर हात ठेवून आजोबा बाहेर आले. नवा सदरा घामाने भिजला होता, मिशीला जळमट लागलं होतं, पण बाकी मूर्ती शाबूत!

अपूर्वा जाऊन त्यांना बिलगली आणि मग मात्र तिला रडूच फुटलं.

"अगो बाये, रडतंस कित्याक? काय झाला नाय माका. पाणी दे आधी."

पाणी पिऊन झाल्यावर सगळा उलगडा झाला. कोठीच्या खोलीत त्यांनी जुन्या गाद्या भिंतींना लावून ठेवल्या होत्या. शेवटचं म्हणून तिथे जाऊन बसले, दार लोटून घेतलं, आणि राजेशदादांनी फोनवर बोलत बोलत जाता जाता बाहेरून कडी घातली! गाद्यांमुळे आतला आवाज बाहेर नाही आणि बाहेरचा आत नाही. साध्या आवाजाने हाका मारून घसा बसला, तेव्हा आजोबांनी खिडकीशी तोंड नेऊन राक्षसाचा आवाज लावला. "दशावतारात माईक नसायचा हो. आवाज पोटातून काढला की गावाच्या वेशीपर्यंत जायचा."

"चूक झाली, आजोबा," राजेशदादा मान खाली घालून म्हणाले. "वळून बघायला हवं होतं मी."

चंद्रप्रकाशकाकांनी तिन्ही पोरांना जवळ ओढलं. "आणि माझीही चूक झाली. आज या पोरांनी नारळ पळवला नसता तर..." त्यांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "शाबास रे! शाबास गं! पण तेजल, तू शाळेच्या शर्यतीत भाग घेतेस की नाही?"

सगळे हसले. फक्त नितेश आजोबांकडे टक लावून बघत होता.

"आजोबा, गाद्या कशाला लावल्या होत्या भिंतींना?"

आजोबांना एकदम खोकला आला.

"आजोबा! क्षारचा आवाज तुम्ही आहात!"

"हळू बोल, मेल्या! कागदावर सही केलीय मी, कुणाला सांगायचं नाही म्हणून." एवढ्या माणसांत ते त्यांना जेवढं कुजबुजता आलं तेवढं कुजबुजले. "नव्या खोलीच्या भिंती पातळ. डबिंगची तालीम केली तर तुम्ही ऐकाल, म्हणून इथे येत होतो. आज सकाळीसुद्धा."

"मग सांगा! क्षार वाईट होता ना?" नितेश.

"माका कधी वाईट वाटलोच नाय तो. त्याच्या घरात पाणी नव्हता. चोरी केली ती चूकच, पण तहान खरी होती." आजोबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "म्हणजे दोघांनाही लाडू."

"आणि 'येतो' म्हणाला म्हणजे परत येणार ना?" अपूर्वाने घाईने विचारलं.

आजोबा गालात हसले. "संवादाच्या कागदावर लिहिलं होतं, 'जातो, लेकी'. मीच म्हटलं, आपला माणूस सूर्यात पडताना पण लेकीला 'जातो' म्हणायचा नाही. म्हणून 'येतो' केलं."

"बघ! म्हणजे नुसती बोलायची पद्धत! म्हणजे मेला!" नितेशने उडी मारली.

अपूर्वाचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "आजोबा," ती सावकाश म्हणाली, "क्षार मेलाय, तर आज सकाळी खोलीत तुम्ही कशाची तालीम करत होता?"

आजोबांना पुन्हा एकदम खोकला आला. नितेशची बॅट हातातून गळाली.

"मी काय एक बोललंय नाय हां," एवढंच म्हणून आजोबांनी तेजलच्या हातातून नारळ घेतला.

मग राजेशदादा आणि चंद्रप्रकाशकाका दोघं मिळून बी विंगची खोली न् खोली बघून आले. प्रत्येक कडी उघडून, हाका मारून. त्यानंतर आजोबांनी नारळ वाढवला. जुन्या भिंतीवर पाणी शिंपडून झाल्यावर त्यांनी तिच्यावरून एकदा हात फिरवला. मुलांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. खोबऱ्याचा सगळ्यात मोठा तुकडा तेजलला मिळाला.

"चला, सदरा बदलतो आता. येतो हां!" आजोबा वळून म्हणाले.

पत्र्याचं दार लावायला निघालेले राजेशदादा जागच्या जागी थांबले. फोन खिशात टाकून ते धावतच पुढे आले.

"आजोबा! नीट सांगा, येताय की जाताय?"